मोडीत द्यायच्या आधी

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

काम आटोपलं असेल तर निवांत बसा, नसेल तर तूर निवडता निवडता ऐका.

आज जुन्या वस्तूंबद्दल बोलू. जुनी चांदी, जुनी काच, चिनी मातीची भांडी आणि आपल्या कुंभाराची माती. मोठ्या शहरांत लोक अशा वस्तू जमवतात, काचेच्या कपाटात मांडतात, त्यांचे लिलाव करतात. तुम्ही म्हणाल, हा पैसेवाल्यांचा शौक, आपल्याला काय त्याचं? पण त्या कपाटांतल्या कितीतरी वस्तू आपल्यासारख्याच घरांतून निघालेल्या असतात. तिकडे त्या मांडल्या जातात, आणि इकडून निघताना किलोवर जातात, नाहीतर प्लास्टिकच्या टबाच्या बदल्यात जातात. मधल्या वाटेत काय होतं ते आपल्याला ठाऊक असावं, म्हणून हे बोलणं.

एका गावातली गोष्ट सांगते. गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. मे महिना सरत आला होता. बचत गटाची बैठक संपली, बाया उठल्या आणि एक जण मागे थांबली. मी पूर्वी शाळेत शिकवत होते, म्हणून मला सगळ्या बाईच म्हणतात. तिनं पिशवीतून एक फडकं काढलं, सोडलं. आत चांदीचे दोन तोडे आणि एक गुलाबदाणी. लग्नात गुलाबपाणी शिंपडायची असते ना, लांब मानेची, वर जाळीचं फूल असलेली, ती. मानेला पोचा आलेला, सगळं काळं पडलेलं.

"बाई, हे कितीले जाईन?"

"कोणी भाव केला का?"

"एक जण येते गावात. तो म्हने, चाळीस तोळ्याचे तोडे म्हणजे चारशे ग्रॅम. अन् हे दानी त नुसता पत्रा हाय, ते वरून घेतो म्हने."

बियाणं घ्यायचं होतं. पेरणी तोंडावर आली की आपल्याकडे चांदी घराबाहेर पडते, हे काही नवीन नाही. तोडे सासूचे होते, सासूला तिच्या आजीकडून आलेले, आणि सासूनं स्वतःच्या हातानं ते सुनेच्या ओटीत घातलेले. म्हणजे तिचेच. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं अशी वस्तू पूर्णपणे बाईच्या मालकीची होते. ती ठेवायची की विकायची, हे तिनं ठरवायचं. मी तिला विकू नको असं म्हटलं नाही. बियाणं कुठून आणायचं ते मी सांगणार नसेन, तर तसं म्हणायचा मला काय अधिकार? मी एवढंच म्हटलं, आधी वजन करू.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तालुक्याला गेलो. काट्यावर तोडे भरले ४६० ग्रॅम. चारशे नाही.

हे साठ ग्रॅम कुठून आले, ते नीट समजून घ्या, कारण इथे बायांचं फार नुकसान होतं. आज सराफाकडे तोळा म्हटलं की बहुतेक ठिकाणी १० ग्रॅम धरतात. पण आपल्या आज्यांचा तोळा १० ग्रॅमचा नव्हता. इंग्रजांच्या राज्यातला चांदीचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा असायचा, आणि ते वजन होतं ११.६६ ग्रॅम. सोनार पारड्यात एका बाजूला रुपये टाकायचा. चाळीस रुपये टाकून पारडं समतोल झालं की चाळीस तोळे. त्या हिशेबानं चाळीस तोळे म्हणजे ४६६ ग्रॅमच्या वर होतात. पाच-सहा ग्रॅम तीन पिढ्यांच्या पायांवर झिजले असतील. म्हणजे सासूबाईंचं सांगणं खरं होतं, आणि खरेदीदारानं खोटा काटाही लावला नव्हता. त्यानं काटा लावलाच नाही. नुसता जुना शब्द नव्या मापानं मोजला. म्हणून कुणी तोळ्यात बोललं की तुम्ही ग्रॅममध्ये विचारा.

रुपयाची गोष्ट निघालीच आहे तर तीही सांगून टाकते. पुष्कळ घरांत राणीछाप, राजाछाप रुपये असतात, कुठे त्यांचा हार असतो. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी असायची. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. १९४७चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी अजिबात नाही. त्याला लोहचुंबक चिकटतो. म्हणजे एकाच हारातले दोन रुपये दिसायला सारखे, पण मोलानं वेगळे असू शकतात. नाण्यावरचं साल वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातीला वाचायला लावा.

आणि हो, जुन्या नाण्याचे, जुन्या नोटेचे लाखो रुपये देतो असे फोन येतात, मोबाइलवर जाहिराती येतात. आधी 'कमिशन' भरा म्हणतात, 'टॅक्स' भरा म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर करून सांगितलं आहे की या व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून पैसे घेत नाही. पैसे द्यायच्या आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो.

आता चांदीची परीक्षा. आपल्याकडच्या जुन्या चांदीवर बहुधा शिक्का नसतो. कधी सोनाराची खूण असते, कधी काहीच नाही. शिक्का नाही म्हणून चांदी खोटी ठरत नाही. आजच्या चांदीवर ९२५ असा आकडा दिसला तर हजार भागांत ९२५ भाग चांदी असा त्याचा अर्थ. जुन्या दागिन्यात किती चांदी आहे हे कसोटीच्या दगडावर घासून कळतं, आणि आता मोठ्या गावांत यंत्रावरही तपासून मिळतं. आपल्या वऱ्हाडात खामगावला रजतनगरी म्हणतात, चांदीच्या व्यापारासाठी ते नावाजलेलं आहे. अकोल्याहून फार लांबही नाही. दोन ठिकाणी विचारायला लाजू नका. साडी घेताना आपण चार दुकानं फिरतोच की.

गिलट वेगळं. त्याला जर्मन सिल्व्हरही म्हणतात. नावात चांदी आहे, वस्तूत नाही. तांबं, जस्त आणि निकेल यांची ती मिसळ असते. (आणि आपण ज्याला जर्मनचा गंज म्हणतो तो आणखी वेगळा, तो ॲल्युमिनियमचा.) गिलटालाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे नुसत्या चुंबकानं फसू नका. शिवाय काही जुने गोट, वाळे, पोकळ दागिने आतून लाखेनं भरलेले असतात. त्यांचं वजन करताना लाखेचं वजन वजा करणं योग्यच आहे. पण किती वजा केलं, हे तुमच्यासमोर झालं पाहिजे.

काळेपणाचं काय? चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. रबर, लोकर, कांदा-लसूण यांच्या संगतीत लवकर पडते. हा काळेपणा म्हणजे वरचा पातळ थर, आत चांदी तशीच असते. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन, मऊ सुती कापडानं पुसून, पूर्ण कोरडी करून सुती कापडात गुंडाळून ठेवा. रबरबँड लावू नका. घासणी, राख, टूथपेस्ट यांनी घासलं की चमक येते, पण दर वेळी नक्षीचा थोडा भाग निघून जातो. नक्षीच्या खाचांतला काळेपणा तर राहूच द्यावा, त्यानंच नक्षी उठून दिसते. दारावर येऊन 'पॉलिश करून देतो' म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका. त्याच्या वाटीतल्या पाण्यात तेजाब असू शकतं. वस्तू चकचकीत होऊन परत येते आणि तिच्यातलं दोन-चार ग्रॅम त्याच्या वाटीत राहतं.

काळं म्हणजे मळलेलं, ही समजूत किती महाग पडते ते माझ्या माहेरी मी पाहिलं आहे. आमच्याकडे एक पानाचा डबा होता. काळाभोर, त्यावर पांढरी शुभ्र वेल. माझं माहेर अचलपूरच्या बाजूचं. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होतं, त्यामुळे दक्षिणेकडच्या वस्तू आपल्याकडे घराघरांत आल्या होत्या. तो डबा बिदरी कामाचा होता. कर्नाटकातल्या बीदरला हे काम होतं. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. मग बीदरच्या किल्ल्यातली विशिष्ट माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यानं भांडं माखतात. जस्त काळं होतं, चांदीला काही होत नाही, आणि काळ्यावर पांढरी वेल उमटते. म्हणजे काळेपणा हीच त्यातली कारागिरी.

एका दिवाळीत घरातल्या सगळ्या पितळेबरोबर आईनं तो डबाही चिंच आणि राख लावून घासला. मीच पाणी घालत होते, दहा-अकरा वर्षांची असेन. काळा रंग उतरला, खाली राखाडी धातू आला. राखाडीवर चांदीची वेल दिसेनाशी झाली. आईला वाटलं, डबा हलक्या दर्जाचा निघाला. तिची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

चांदी आपल्याकडे पहिल्यापासून होती. काच आणि चिनी माती मात्र खेड्यापाड्यांत आली ती मुख्यतः कापसामुळे. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत आपसात युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. त्याच सुमारास अकोला, बडनेरा करत रेल्वे पुढे सरकत होती आणि १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. गाड्या कापूस घेऊन मुंबईला जायच्या आणि येताना विलायती माल आणायच्या. वाड्यांमध्ये काचेच्या हंड्या टांगल्या गेल्या, रंगीत झुंबरं आली, फुलांच्या कपबशा आल्या. पुढे वाडे वाटण्यांत गेले, माड्या उतरवल्या गेल्या, आणि ते सामान पोत्यात भरून भंगारात गेलं. एखादी हंडी, एखादी बशी कुठेतरी कोठीच्या खोलीत राहिली असेल.

अशी बशी हातात आली तर ती उजेडासमोर धरा. मागे बोट हलवलं आणि त्याची सावली पुढून दिसली, तर ती उत्तम प्रतीची चिनी माती, पोर्सिलिन. ही कला मुळात चीनची, म्हणून तर आपण तिला चिनी माती म्हणतो. युरोपातल्या लोकांना तिचं गुपित अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत उमगलं. नंतर इंग्लंडमध्ये मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळून तिचा एक प्रकार निघाला, त्याला बोन चायना म्हणतात. उजेड आरपार येत नसेल, कडेला टवका उडून आतली माती जाडीभरडी दिसत असेल, तर ती साधी, वरून चकाकी दिलेली भांडी.

मग बशी उलटी करा. तळाला खूण असते. देशाचं नाव असेल तर ती बशी बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेनं तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि हळूहळू सगळीकडे ती रीत पडली. 'ऑक्युपाइड जपान' असं लिहिलेलं सापडलं तर साल जवळजवळ हातातच आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होतं आणि तो ताबा १९५२ मध्ये संपला. त्या पाच-सात वर्षांतलीच ती वस्तू. जुन्या रंगीत, तडा गेलेल्या विलायती भांड्यात लोणचं, चिंचेचं, दह्याचं काही ठेवू नका. त्या काळी रंगांत, चकाकीत शिसं वापरायचे, आंबटानं ते उतरतं. अशी भांडी बघायला ठेवा, जेवायला नकोत.

लोणच्याची बरणी मात्र वेगळ्या जातीची. ती दगडासारखी टणक, खूप मोठ्या आचेवर भाजलेली, त्यामुळे मीठ आणि तेल तिच्यात मुरत नाही. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरट, अशी बरणी तुमच्या कुणाकुणाकडे असेलच. तिच्या तळाशी किंवा पोटावर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं, ते बघा. सौराष्ट्रात थानगड-मोरबीकडे मातीकामाचा मोठा उद्योग उभा करणारे पर्शुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते. त्यांच्या पर्शुराम पॉटरीचा माल लांबलांब जायचा. आजीच्या बरणीवर ते नाव निघालं, तर ती बरणी कोणत्याही विलायती बशीइतकीच जपण्यासारखी आहे असं मी म्हणेन. बाजारात तिला तेवढा भाव नाही आणि कदाचित कधी येणारही नाही. पण आपल्या घराचं नातं बरणीशी आहे, बशीशी नाही.

काचेचंही तसंच. विलायती झुंबर सगळ्यांच्या घरी नसेल, पण कंदील तर होता ना? लोकांकडून दरसाल एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग काढायचा, अशी कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. मग १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला, त्या जागेला आजही ओगलेवाडी म्हणतात. तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांत जळला. त्यावर नाव असतं. माळ्यावर गंजलेला कंदील असेल तर भंगारात टाकण्याआधी खाली उतरवून, ओल्या फडक्यानं पुसून ते नाव शोधा. आणि जुन्या काचेच्या भांड्यात बारीक बुडबुडे दिसले, तळाला खडबडीत चट्टा लागला, तर ती काच तोंडानं फुंकून केलेली असण्याचा संभव आहे. दोन बाजूंनी सरळ उभी रेघ दिसत असेल तर ती साच्यातली.

आता माती. इथे आपण खरे श्रीमंत आहोत, पण आपल्याला ते वाटत नाही. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, एवढं सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या टेकाडात उत्खनन झालं तेव्हा दोन हजार वर्षांहून जुनी खापरं निघाली. काही आतून काळी आणि बाहेरून तांबडी. असं भांडं भट्टीत पालथं ठेवून भाजत. आत आणि काठाजवळ हवा पोचत नसे, तिथे ते काळं राही. बाहेर हवा लागे, तिथे तांबडं होई. एकाच आचेत दोन रंग. पूर्णेकाठी, बुलढाणा जिल्ह्यातल्या भोनलाही असाच जुना गाव मातीखाली सापडला.

आपल्या गावाबाहेरची पांढरी म्हणजे असंच मोडून पडलेलं जुनं गाव असतं. घर सारवायला, शेतात टाकायला तिथली माती आपण खणून आणतो. खापरं निघतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघतात, मणी निघतात. त्यासाठी मुद्दाम खणू नका. सहज सापडलं तर ते कुठे सापडलं हे लिहून, शाळेतल्या गुरुजींना दाखवा. आणि जमिनीत नाणी-दागिने असं धन निघालं, तर लपवू नका. १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं असलं की कलेक्टरला कळवावंच लागतं. न कळवणाऱ्याचा हक्क जातो आणि शिक्षाही होते. कळवलं, पुढे कुणी खरा मालक निघाला नाही आणि सरकारनंही ते घेतलं नाही, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जागामालकाला एक, अशी वाटणी कायद्यातच आहे. दुसरा एक कायदा १९७२चा आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. जुन्या मूर्ती, चित्रं, चित्रांच्या पोथ्या यांची तर नोंदणी करावी लागते. घरातल्या देव्हाऱ्यातला जुना देव कुणी फार गोड बोलून मागत असेल तर सावध राहा.

मातीतली सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे आपली भुलाबाई. भादव्यापासून कोजागिरीपर्यंत पोरी ज्या भुलाबाई-भुलोजीपुढे बसून गाणी म्हणतात, ती मातीची जोडी. कुंभारीण हातानं नाक-डोळे काढायची, रंग द्यायची. कोजागिरी झाली की जोडी पाण्यात. दर वर्षी नवी, म्हणून जुनी कुठेच नाही. आता बाजारात साच्यातल्या प्लास्टरच्या येतात, सगळ्यांचं तोंड सारखं. तुमच्या गावात अजून हातानं करणारी बाई असेल तर या वर्षी एक जोडी जास्त मागा, तिला तिचे पैसे द्या, आणि ती जोडी शिरवू नका. ठेवा. खाली तिचं नाव आणि साल लिहा. पोळ्याच्या मातीच्या बैलांचंही असंच करता येईल. जमवणं म्हणजे जुनंच विकत घेणं असं नाही. आज हातात आहे ते उद्यासाठी ठेवणं, हेही जमवणंच.

तुम्हाला वाटेल, मातीचे बैल, बरण्या, कंदील कोण बघायला येतं? पुण्याला बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर हे कवी होते, 'अज्ञातवासी' या नावानं लिहायचे, आणि चष्म्यांचा व्यवसाय करायचे. १९२०च्या आसपास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा त्यांचा जीव घरातल्या वस्तूंत जास्त रमला: दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, फण्या, पाय घासायच्या वज्री, किसण्या, झारे. गावोगाव फिरून, लोकांच्या अडगळीतून त्यांनी त्या मिळवल्या. घरातली शिल्लक त्यात गेली, आणि पत्नी कमलाबाईंनी ते सगळं निभावलं. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू आहेत. पुण्याला कुणाकडे गेलात तर बघून या. तिथे गेल्यावर बायका दर दोन मिनिटांनी म्हणतात, अगं, हे तर आमच्याकडे होतं! आपल्याला जवळचं म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, अजब बंगला. ते १८६३ पासून आहे.

केळकरांसारखं घर भरून जमवणं आपल्याला जमायचं नाही, जमायची गरजही नाही. गटाची एक वही करता येते. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. एका वस्तूला एक पान. वस्तूचं नाव आपल्या बोलीत जे असेल ते लिहायचं, गुंड असेल तर गुंडच. ती कशाची आहे, उंची किती, वजन ग्रॅममध्ये किती, फुटली-पोचली कुठे आहे, तळाला काय लिहिलं आहे. कुणाकडून कुणाकडे आली. कशाला वापरायचे. मोबाइलवर फोटो काढायचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला त्या वस्तूबद्दल बोलतं करून तिचा आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवायचा. हे काम आधी करा. वस्तू आणखी दहा वर्षं माळ्यावर राहील, आजी राहतीलच असं नाही.

त्यात व्यवहारही आहे. साधा सराफ वस्तूचं वजन बघतो आणि मोडीचा भाव देतो, तो त्याच्या जागी बरोबर आहे. पण जमवणारा माणूस किंवा संग्रहालय विचारतं, ही कुठली, कुणाची, कधीची? याचं उत्तर वहीत असेल तर वस्तू मोडीच्या भावावर जाऊ शकते. नसेल तर ती नुसती धातू. दरेक जुनी वस्तू लाखाची असते असं मात्र समजू नका. बहुतेक नसतात. शिवाय चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला फोटो आणि वजन उपयोगी पडतं, वाटण्या होताना भांडणही थोडं कमी होतं. वही गटाकडे ठेवा, पण कोणती वस्तू घरात नेमकी कुठे ठेवली आहे, ते तेवढं त्यात लिहू नका!

त्या दर्यापूरकडच्या बाईचं काय झालं ते सांगायचं राहिलं. तोडे तिनं विकले. सराफानं पावती दिली, ४६० ग्रॅमची, शुद्धता तपासून घट किती धरली ते लिहून. बियाणं आलं. त्याआधी आदल्या रात्री तिनं तोडे सासूच्या पायांत घालून फोटो काढला होता. सासू आधी नको म्हणाली, मग बसली पाय पुढे करून. तोडे घालून आपली आजी बाजाराला जायची तेव्हा आवाज कुठपर्यंत यायचा, हे ती वीस मिनिटं सांगत होती. ते मोबाइलमध्ये आहे.

गुलाबदाणी तिनं विकली नाही. पोचा काढायला सोनाराकडे टाकू का, असं मला विचारलं. मी म्हटलं, राहू दे, लग्नात पडली असेल कुणाच्या तरी हातून. सासूला विचारलं तर म्हणे, "माह्याच हातून पडली व, माह्याच लग्नात."

गटाच्या वहीत पहिल्या पानावर तोडे आहेत. दुसऱ्या पानावर गुलाबदाणी, १३२ ग्रॅम, मानेला पोचा, आणि पुढे सासूबाईंच्या लग्नाचं साल.